तारेवरचे कागद

माणिकताई शेवडेंना कुणी विचारलं असतं की शिवणाच्या खोलीत एवढं सामान कशाला, तर त्यांनी त्यालाच उलट विचारलं असतं, की तुझ्या पोटात एवढी आतडी कशाला? तोंड तसंच होतं बाईचं. पण हातही तसाच होता. महाकालाच्या गावात, माधव नगरातल्या मराठी घरांतल्या सासू, सून आणि नात अशा तिघींचे ब्लाउज त्यांनी शिवले होते, आणि त्यांच्या हातच्या ब्लाउजला पाठीवर चुणी पडली असं कधी झालं नव्हतं.

रेल्वेतले श्रीपादराव जाऊन बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून घर चाललं ते रस्त्याकडच्या त्या एका खोलीवर. आता पंच्याण्णव साल उजाडलं होतं. टावर चौकातल्या काचेच्या दुकानांत तयार सलवार-सूट टांगलेले असायचे आणि मुली तेच घालायच्या. मुलगा सुमीत बी.कॉम. होऊन चार वर्षं नोकरीची वाट बघून थकला, आणि शेवटी त्याला एसटीडी-पीसीओचा परवाना मिळाला. काचेची केबिन, पिवळा बोर्ड, पुढेमागे फॅक्ससुद्धा. जागा कुठली? तर हीच. रस्त्याकडे उघडणारी दुसरी खोलीच नव्हती.

"तुझं मशीन मागच्या पडवीत लावू, आई. एकदम बढ़िया कोपरा करून देतो," सुमीत म्हणाला. "पण बाकीचं काढावंच लागेल. सोमवारी पुताईवाले येताहेत, भिंती रंगवायला."

आता ही बाई आकाशपाताळ एक करणार म्हणून सून स्नेहा स्वयंपाकघरात दडून बसली होती. पण माणिकताई एवढंच म्हणाल्या, "मशीन, कात्री आणि तारेवरचे माझे कागद. बाकी खुशाल जाळा."

हे कागद म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. माणिकताईंकडे बाई पहिल्यांदा आली की एकदाच तिचं माप घेतलं जायचं. मग वर्तमानपत्रातून तिची पाठ, पुढा आणि बाही कापून ते तुकडे एका जाड तारेच्या आकड्यात ओवले जायचे. खिळ्याला टांगलेल्या त्या तारेवर दोनशेच्या वर बायका होत्या. नाव एकीचंही लिहिलेलं नाही. कोपऱ्यात कात्रीची खाच, हीच ओळख. खरेकाकूंची तिरपी, बँकेतल्या जयूच्या दोन जवळजवळ. कुणी अंगाने भरली की कागदाला पट्टी चिकटायची.

पूर्वी ही सोय होती. दोन वर्षांपासून त्याच कागदांवर सगळा जीव होता. धर्मशाळेतल्या नेत्र शिबिरात मोतीबिंदू असेल, काढला की झालं, अशा हिशेबाने माणिकताई एकट्याच गेल्या होत्या. डॉक्टरांनी बराच वेळ बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, "माताजी, ये काला मोतिया है. जो रोशनी गई सो गई. जो बची है, उसे सँभालो." म्हणजे काचबिंदू. थेंबांची बाटली त्यांनी बटणांच्या डब्यात दडवली आणि घरात चकार शब्द काढला नाही. मापाच्या फितीवरचे आकडे त्यानंतर हळूहळू पुसटच झाले. पण कागद कापडावर ठेवला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, की कात्री आपोआप चालायची. कोणाचं काम आहे ते खाच सांगायची. आणि सुई? शिवण टाकायला आईबरोबर एखादी पोर आली की माणिकताई म्हणायच्या, "बघू गं, तुला सुई ओवता येते का? आणखी एक? शाबास!" पोरीही फुशारून दहा-दहा सुया ओवून उशीत खोचून जायच्या. बाई हुशार होती, यात वादच नाही.

तर आवराआवर सुरू झाली. काय निघालं नाही त्या खोलीतून! न नेलेले एकतीस ब्लाउज, फुग्याच्या बाह्यांचे, आता कुणी फुकटसुद्धा घालणार नाही असे. सिंहस्थात घाटावरून आलेल्या कुणा यात्रेकरू बाईने दुरुस्तीला टाकलेलं आणि विसरलेलं लुगडं. गोधडीसाठी जमवलेल्या चिंध्यांची सात गाठोडी. मोडकं पिकोचं मशीन, हुकांच्या पुड्या, फॉलचे गुंडाळे, आणि दिवाळीच्या घाईत हरवलेली एक बाही, जिच्या पायी एका बाईशी कायमचं वाकडं आलं होतं.

"ही इथेच होती!" बाही हातात घेऊन माणिकताई ओरडल्या. "आणि मी त्या बयेला खोटारडी म्हटलं!"

स्नेहा हसली. मग दोघीही हसल्या. त्या चार दिवसांत स्नेहाला सासू पहिल्यांदा जरा आवडली, हे तिने नंतर कबूल केलं.

कागदांचं मात्र माणिकताईंनी एकट्यानेच बघितलं. पुताईचे शिंतोडे उडतील म्हणून त्यांनी ते तारेवरून उतरवले. माणिकताईंकडे मापाच्या कागदाची घडी घालायची नाही, हा कायदाच होता. घडी पडली की कागद आखडतो आणि बाहीचा मुंढा ओढतो. म्हणून त्यांनी सगळे तुकडे अखंड वर्तमानपत्रांच्या मधे सपाट पसरले, वर आणखी वर्तमानपत्रं ठेवली आणि साडीच्या हिरव्या काठाच्या पट्टीने गठ्ठा बांधला. शेजारी रद्दीचा गठ्ठा, तो सुतळीचा. स्नेहाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, की फीत असताना या फाटक्या कागदांवर एवढा जीव का?

शनिवारी दुपारी रद्दीवाला आला. "कौनसा ले जाऊँ, अम्मा?"

स्नेहा दारातच उभी होती. माणिकताईंनी वाकून हात लावला असता तर बोटांनी सुतळी कुठली आणि काठ कुठला ते लगेच सांगितलं असतं. पण सुनेच्या देखत चाचपडायचं? माणिकताईंनी ताठ उभं राहून बोट दाखवलं. "वो. दीवार के पास वाला."

तो घेऊन गेला.

रविवारी सकाळी माणिकताई पडवीतल्या नव्या कोपऱ्यात बसल्या. वासंती परांजपेच्या मुलीचं, मधुराचं, लग्न अकरा दिवसांवर आलं होतं. त्यांच्याकडचे दहा ब्लाउज आणि शालू, सगळं एका पिशवीत. वासंतीचा स्वतःचा लग्नातला ब्लाउजही माणिकताईंनीच शिवला होता. गेल्या वर्षभरातलं हे एकमेव मोठं काम. गठ्ठा ओढून त्यांनी गाठ सोडली, आणि सोडतानाच बोटांना कळलं. सुतळी. आत अखंड वर्तमानपत्रं, वरपासून खालपर्यंत. एकही कड गोल नाही, एकही खाच नाही.

दोनशे बायका, तीस वर्षं, आपल्याच हाताने दिल्या! आणि आता कापायचं कशावरून? चप्पल न घालताच त्या बाहेर पडल्या. "आई, कुठे?" स्नेहाने विचारलं तर "देवळात" म्हणाल्या.

रद्दीचं दुकान पुलाच्या अलीकडे होतं. ज्या मापाने दुकानदार निवांत होता, त्याच मापाने माणिकताई कावऱ्याबावऱ्या.

"कटे कागज़?" तो म्हणाला. "अम्मा, साबुत अलग किए. कटे-फटे कौन रखता है? कचौरीवाले को दे दिए, टावर पे."

टावर चौकात रविवारची गर्दी उसळली होती. कचोरीवाल्याच्या ठेल्यावर तळहाताएवढ्या कागदांची चळत, वर लोखंडी वजन. माणिकताईंनी वजन उचलून चळत हातात घेतली आणि एकेका कागदाच्या कडेवरून बोटं फिरवू लागल्या. फाडलेले, सगळे फाडलेले. एकाला अर्धा गळा होता. एकाला तिरपी खाच, म्हणजे खरेकाकू, पण बाकीच्या काकू कुठे?

"अरे अम्मा, लाइन में आओ! काग़ज़ गंदा मत करो!"

त्या ठेल्यामागच्या टोपलीकडे वळल्या. तिथे खाऊन टाकलेले कागद होते, तेलाने ओथंबलेले, चटणी माखलेले. त्या खाली बसल्या आणि ते उलगडू लागल्या. मधुराचा कागद सापडला पाहिजे, बस एक मधुराचा, तीन खाचा, एक मोठी दोन लहान. महाकाला, बाकी सगळं ने, हा एक दे. बाजूने जाणाऱ्या कुणा एका बाईने त्यांच्यासमोर आठ आणे ठेवले. माणिकताईंना ते दिसलं नाही.

"माणिकताई? अहो, हे काय?"

वासंती होती, पत्रिकांचा गठ्ठा छापखान्यातून घेऊन निघालेली. माणिकताईंनी तेलकट हात पदरात लपवले. "मधुराचं माप हरवलं गं."

"एवढंच ना?" वासंती हसलीच. "चला, उठा आधी. तिला आणते संध्याकाळी. नवं माप घ्या की! फीत तर आहे ना?"

फीत होती. दिवसभर माणिकताई ती बोटांमधून ओढत बसल्या. बरं नाही सांगावं? मग पिशवी जाणार. स्नेहाकडून आकडे वाचून घ्यावेत? मग स्नेहाला कळणार, सुमीतला कळणार, आणि तो पडवीतला कोपराही जाणार. निदान हे एक लग्न पार पडू दे, असं त्यांनी स्वतःलाच विनवलं.

संध्याकाळी मायलेकी आल्या. रिकाम्या खोलीतच उभं केलं मधुराला, कारण तिथे उजेड होता. एरवी तिथे गाठोडी, कपाटं, टांगलेली कापडं, त्यांच्या आडोशाने माणिकताईंचं कितीतरी खपून जायचं. आता उघड्या भिंती, मधोमध मधुरा, एका बाजूला वासंती, दारात चहाचा ट्रे घेतलेली स्नेहा.

माणिकताईंनी छातीभोवती फीत घेतली, चिमटीत धरली, मान वाकवली, आणि मागच्या दिवाळीच्या आठवणीतून बोलल्या, "चौतीस."

"माणिककाकू," मधुरा हळूच म्हणाली. "फीत उलटी धरलीय तुम्ही. सव्वीस दिसतंय इथे."

"माहितेय मला!" माणिकताई खेकसल्या. फीत फिरवली. पुन्हा उलटीच आली. पुन्हा फिरवताना ती सुटून खाली पडली, आणि जमिनीवर चाचपताना ती त्यांना सापडेना. पायाजवळच होती. तिघीही बघत होत्या आणि एकीलाही उचलून द्यायचं सुचलं नाही.

शेवटी वासंतीच बोलली. आवाज इतका मऊ, की त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं. "असू द्या हो माणिकताई. मधुराला तशीही इंदूरच्या बुटिकमधली फॅशन हवी होती. मीच हट्ट धरला तुमचा." तिने पिशवी घेतली. दारापर्यंत जाऊन परत आली. पिशवीतून शालू काढून तिने माणिकताईंच्या मांडीवर ठेवला. "याला फॉल तेवढा तुम्हीच लावा. तुमचा हात लागायला हवा."

फॉल! शिकाऊ पोरींना पहिल्या दिवशी देतात ते काम. तीस वर्षांपूर्वी असं कुणी म्हटलं असतं तर माणिकताईंनी त्याला दरवाजा दाखवला असता.

"कधी हवाय?" त्यांनी विचारलं.

"आठवड्यात दिला तरी चालेल."

मायलेकी गेल्या. शालूची जर बोटांना टोचत होती. माणिकताईंना रडू येत होतं आणि सुनेसमोर ते येऊ द्यायचं नव्हतं, पण आलं. स्नेहाने ट्रे खाली ठेवला.

"स्नेहा, सुई ओव गं एक."

स्नेहाने उशीतली सुई घेतली, दोरा ओवला, गाठ मारली आणि त्यांच्या हातात दिली.

"सगळ्याच ओवून ठेव," माणिकताई म्हणाल्या. "मला दिसत नाही."