जेवणानंतरचा रकाना

ही हकिकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोने दोनदा विचारलं होतं, "त्या बाईचा विषय निघाला की तुम्ही उठून का जाता?" दोन्ही वेळा मी उठूनच गेलो. आता नोकरी संपूनही बराच काळ झाला. मला जाब विचारणारं कुणी उरलेलं नाही, आणि नेमकं तेच सोसवेनासं झालं आहे. म्हणून लिहून ठेवतो.

मी सरकारी दवाखान्यात रक्त तपासायचो. कंधार आणि जळकोट यांच्या मधल्या पट्ट्यात एक ग्रामीण रुग्णालय आहे, तिथे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण चूक दवाखान्याची नव्हती. एक खोली, एक खिडकी, टेबलावर दोन-तीन यंत्रं. खेड्यातली माणसं मलाही डॉक्टर म्हणायची आणि मी फारसं नाकारायचो नाही.

मला पहिल्यापासून एक खोड होती. कुणाचंही रक्त घेताना मी विचारायचो, "काय जेवून आलात?" बहुतेक तपासण्यांना त्या उत्तराची गरज नसते. मला ते ऐकायला आवडायचं, एवढंच. शिवाय उत्तर खरं की खोटं हे मला कळायचं. रक्ताची नळी यंत्रात फिरवली की लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. तेलकट, तुपकट खाऊन दोन-तीन तास झालेले असले की ते पाणी गढूळ होतं, कधी कधी चक्क ताकासारखं. लग्नसराईत माझ्या स्टँडवर ताकाच्या नळ्यांची रांग लागायची. "फक्त चहा घेतला" म्हणणाऱ्याच्या नळीत मला भजी दिसायची. मी ते त्याला सांगायचो, तो ओशाळायचा, बाकीचे हसायचे.

आणखी एका गोष्टीचं मला नवल वाटायचं. साखरेचा आजार म्हणजे पोट सुटलेल्या पैसेवाल्याचा, असा आमच्याकडे समज. माझ्यापुढे हात करायची ती काटकुळी माणसं. मनगट धरलं तर माझी बोटं एकमेकांवर चढायची. ज्वारी मागे पडून घरोघरी नुसता भात आणि दिवसभर गोड चहा आला, तेव्हापासून हे वाढलं, असं जुनी माणसं म्हणायची. मला त्याचा छडा लावायचा होता. मी शिकलेला तंत्रज्ञ, संशोधक नव्हे; पण आपल्यालाही काहीतरी सापडावं, असं कुणाला वाटत नाही?

साखरेच्या तपासणीचा वार ठरलेला होता. सकाळी उपाशीपोटी यायचं, रक्त द्यायचं. मग सोबत आणलेला डबा अंगणातल्या लिंबाखाली बसून खायचा आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. माझ्या फॉर्मवर दोन रकाने होते. एक उपाशीपोटी, दुसरा जेवणानंतर.

ती बाई दर दोन-तीन आठवड्यांनी यायची. पन्नाशीची, वाळलेली, खुरपून खुरपून उजव्या तळव्याला घट्टे पडलेले. नवरा गेलेला, मुलगा हैदराबादकडे बांधकामावर, घरी सून आणि दोन नाती. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला भाऊ. सुई बघितली की ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आला का सरकारी ढेकूण! आमच्या घरचा ढेकूण निस्तं रगत पितो, ह्येला वर पगार बी हाय."

"अक्का, काय जेवलात ते सांगा आधी."

"जेवले की! येसराची आमटी हुती डब्यात, वर ही येवढी तर्री. दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी बी हुती, पर म्हनलं असू दे, भाऊला रगत लई घट्ट लागंल."

येसर म्हणजे धान्यं-डाळी भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ. त्याच्या आमटीवर तेलाचा तवंग हवाच. मी नळी फिरवून उजेडात धरली. वरचं पाणी आरपार स्वच्छ. खिडकीपलीकडचं लिंबाचं झाड त्यातून दिसत होतं. आणि दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी आला होता. साखरेचा आजार असलेलं माणूस भाकरी-आमटी खातं आणि साखर उतरते, हे कसं? मी यंत्र तपासलं, थेंब पुन्हा लावला. तोच आकडा.

पुढच्या खेपेला मी खिडकीत उभा राहिलो. बाकीच्या बायका गोल करून बसल्या होत्या. ती बाजूला, भिंतीकडे तोंड करून. डबा उघडला, हात तोंडाकडे गेला, आला, पुन्हा गेला. मग नळावर डबा घासला, चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. सगळं रीतसर. पण दवाखान्याच्या अंगणात एक कुत्रं असायचं, जेवणाऱ्या प्रत्येकासमोर जाऊन शेपूट हलवणारं. ते तिच्याकडे फिरकलं नाही.

डबा रिकामा होता. मग ती तो चार किलोमीटर वाहून का आणत होती? हा प्रश्न मला भारी वाटला. मी एक वही केली. एका बाजूला तारीख आणि तिने सांगितलेलं जेवण, दुसऱ्या बाजूला दोन्ही आकडे. पाच-सहा महिन्यांत त्यातून एक नक्षी उमटली. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ती आली की म्हणायची, "भात खाल्ला." तेव्हा जेवणानंतरचा आकडा खरंच चढलेला असायचा. वीस तारखेनंतर आली की धपाटे, लोणी, येसराची आमटी. एकदा अठ्ठावीस तारखेला तिने मला पुरणपोळी ऐकवली, गुळवणीसकट. तारीख पुढे सरकेल तसा तिचा स्वयंपाक श्रीमंत होत जायचा आणि आकडा खाली उतरायचा.

आमच्याकडे झाडलोट करणारी बाई तिच्याच गावची. तिला सहज विचारलं.

"रेशन संपतंय न्हवं," ती म्हणाली. "कार्डावर आजी आन् लेक दोगंच. सून, पोरींची नावं चढून न्हाई राहिली. दोगांच्या दान्यात चौगी कशा भागतील? वीस तारखेला डबे खाली."

कोडं सुटलं. त्या दिवशी मी खूश होतो, हे मला आज लिहिताना लाज वाटते, पण होतो. घरी जाताना शीळ घालत गेलो असेन.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. डॉक्टर तरुण होते, कष्टाळू. दारात शंभर माणसं उभी. त्यांनी गोळीचं प्रमाण ठरवलं ते तिचे महिन्याच्या सुरुवातीचे आकडे बघून. ती गोळी जेवणाऱ्या माणसासाठी असते. पोटात अन्न नसताना ती अंगातली होती नव्हती ती साखरही खाली ओढते. हे रक्त तपासणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मलाही होतं. अक्का फार आज्ञाधारक होती. "गोळी चुकवायची नाही" असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तर तिने एकही चुकवली नाही. अन्न चुकायचं.

महिनाअखेरचा फॉर्म बघून एकदा डॉक्टर थबकले. जेवणानंतरचा आकडा उपाशीपेक्षा कमी. त्यांनी मला आत बोलावलं. ती समोर उभी होती.

"या जेवून आल्या होत्या ना?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हो."

"मग गोळी छान लागू पडली," डॉक्टर म्हणाले. "हीच चालू ठेवा."

एक शब्द. दुसऱ्या रकान्यावर काट मारून 'जेवल्या नाहीत' एवढं मी लिहायला हवं होतं. तिच्यासमोर नको वाटलं, तर ती गेल्यावर डॉक्टरांच्या कानावर घालता आलं असतं. मी त्या रकान्यात नीट अक्षरात आकडा भरला आणि सही केली. त्यानंतरही प्रत्येक खेपेला भरला.

पुढच्या महिन्यात झाडणारी बाई सांगत आली, "अक्काच्या अंगात यायलंय."

"काय?"

"देवी. माहूरची. परवा भाकरीच्या येळंला घामानं चिंब झाली, थरथर कापाय लागली, कायबाय बरळली. डोळं निराळंच. बायांनी केस सोडले, कुंकू लावलं, इचारलं, माय, काय पायजे? मंग कुनीतरी निवद म्हनून साखर घातली तोंडात. घडीभरानं देवी शांत. पानी मागितलं, उठून बसली." ती हात जोडून पुढे म्हणाली, "महिना सरत आला की येती, बगा. दोनदा आली. लोक कौल लावाय यायलेत आता."

घाम, थरथर, बरळणं, आणि साखर दिल्यावर उतरणं. मला एका क्षणात कळलं. ती उपाशी असते हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं, त्यामुळे त्या अख्ख्या पंचक्रोशीत ते कळू शकणारा मी एकटा होतो. आणि मी काय केलं? मी विचारलं, "तारीख कोणती होती?" आणि ती वहीत लिहून घेतली.

देवीची थट्टा करायची नाही म्हणून गप्प बसलो, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. माझ्या आईचीही माहूरवर श्रद्धा होती. पण साखर खिशात ठेवा, गोळी अर्धी करा, हे सांगायला देवीच्या आड यायची गरज नव्हती.

तिसऱ्यांदा ते शेतात झालं. सोयाबीनची खुरपणी चालली होती. ती कापायला लागली तसं सोबतच्या बायकांनी तिला बाभळीखाली टेकवून बसवलं, पाया पडल्या आणि खुरपायला आपापल्या पातीवर परतल्या. रानात साखर कुठून असणार? शिवाय अंगात आलेल्या बाईला हलवत नाहीत, देवी आपली आपण जाते. त्यांनी तिचा मान राखला. दुपारी भाकरी सोडायला त्या झाडाखाली आल्या तेव्हा ती आडवी झालेली होती. हाकेला ओ नव्हती.

टेम्पोतून आणली. मी बोटातून थेंब घेतला. यंत्राने आकडाच दाखवला नाही, इतकी साखर खाली. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. तिने डोळे उघडले, पण पूर्वीची ती परत आली नाही. उजवा हात उचलेना. ओठ हलायचे, शब्द निघायचा नाही. तिला नांदेडला मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

गाडी गेल्यावर डॉक्टर तिचे जुने फॉर्म घेऊन माझ्या खोलीत आले. "आकडे तर चांगले होते हो हिचे. असं कसं झालं?"

मी म्हणालो, "काय सांगावं."

वही तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी मी तिच्या गावी गेलो. एसटीत वाक्य जुळवत होतो, ओठांनी म्हणूनही बघत होतो. शेजारच्या माणसाने विचारलं, "सायब, काय पाठ करून राहिले?" मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

ती ओट्यावर बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मला ओळखलं. डाव्या हाताने बस म्हणाली. शब्द एकेक करून, मध्ये बराच वेळ जाऊन यायचे. सुनेने चहा टाकला. बोलता बोलता, निव्वळ जुनी खोड म्हणून, मी सुनेला विचारलं की अक्का तपासणीला येताना डबा आणायच्या, त्यात काय असायचं?

"काय असनार? खालीच न्यायच्या," सून म्हणाली. "दवाखान्यात जेवन मिळतंय, डबा आपला न्यावा लागतो, आसं सांगायच्या. म्हनून त्या दिवशी त्यांच्या वाट्याचं पोरींना घालायची मी. सांजच्याला आल्या की म्हनायच्या, लई झालं जेवन, वरन होतं, भाजी होती."

घरी सांगायची की दवाखान्यात जेवले. दवाखान्यात सांगायची की घरून आणलेलं जेवले. असं करून आपल्या वाट्याचं जेवण तिने नातींना पोहोचतं केलं होतं. एवढी वर्षं वही जपून मला हे कळलं नव्हतं.

अक्का ऐकत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं. थोरली नात तिच्या तोंडाकडे बघत शब्द लावत गेली. "आजी म्हनती... दवाखान्यात तुमी एकलेच इचारायचे... काय जेवलात म्हनून. बाकी कुनी कदी इचारलं न्हाई. आजी म्हनती, भाऊला पुरी-भाजी कर, जेवल्याबिगर जाऊ देऊ नको."

मी आणलेलं वाक्य घशाशी आलं होतं. नात डबा उघडून पीठ काढायला लागली, आणि मी एसटीची वेळ झाली असं सांगून उठलो. वेळ झालेली नव्हती. फाट्यावर तासभर उभा होतो. तेवढ्यात परत जाता आलं असतं.

त्यानंतर आणखी एकदा गेलो. ती झोपली होती. उठवू नका म्हणालो, आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. गेल्या वर्षी ती वारली. झाडणाऱ्या बाईने फोनवर सांगितलं.

बोलायचं ते एवढंच होतं. अक्का, डॉक्टरांनी विचारलं त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात, हे मला ठाऊक होतं. मी हो म्हणालो. तुमची लाज राखायला म्हणालो नाही. मला पुढच्या महिन्याचा आकडा बघायचा होता. तुमच्या अंगात देवी येत नव्हती, भूक आणि गोळी येत होती, तेही मला माहीत होतं, आणि मी फक्त तारीख विचारली. तुमचा हात आणि तुमची वाचा माझ्या गप्प राहण्याने गेली. मला माफ करा.