हळदीत वाजलेलं यूके गॅरेज

परवा माझ्या हळदीत भलतंच झालं. बाभुळगावला, आमच्या घरासमोरच्या मांडवात.

मला यूके गॅरेजचं वेड आहे. लंडनकडचं नाचायचं संगीत... ठेका उड्या मारत चालतो आणि जिथं दणका यावा असं वाटतं, तिथं मुद्दाम जागा मोकळी सोडतो. दर शुक्रवारी नवीन गाणी येतात, ती मी पोळ्या लाटताना इअरफोन घालून ऐकते. आजवर त्यावर एकटीच नाचले.

म्हणून लग्नात एकच हट्ट धरला. साडी, दागिने, जेवण सगळं तुम्ही ठरवा... पण याच आठवड्यात आलेलं एक गॅरेज गाणं हळदीत वाजलं पाहिजे. मामांनी कपाळाला हात लावला. "कोणी नाचलं नाही तं पाहुण्यात हसं होईन ना, बाई."

धुमालवाले राजूभाऊ मात्र खूश. गाडीवर कीबोर्ड, पॅड, भोंगे लावून फिरणारी ही मंडळी, नवीन गाण्याला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. कीबोर्डवाल्याने फोनवर ऐकून चाल अचूक उचलली.

हळदीत घोळ झाला तो पॅडवर, म्हणजे कांड्यांनी ठेका वाजवतात त्यावर. ते राजूभाऊ स्वतः वाजवतात आणि त्यांना मोकळी जागा बघवेना... धुमाल क्षणभर थांबली की लोकांना वाटतं जनरेटर बंद पडला. त्यांनी प्रत्येक जागा दणक्याने भरून टाकली. लोक नाचत होते, पण ते माझं गाणं राहिलंच नव्हतं. मला रडू यायच्या बेतात होतं.

मग काय... नवरी पाटावरून उठली. हळदीच्या हातांनी मी राजूभाऊंच्या कांड्या घेतल्या आणि ठेका धरला.

"भाऊ, इथं हात वर. वाजवायचं नाही."

"पण बंद पडल्यावानी वाटते ना."

"वाटू द्या."

पहिल्यांदा सगळे गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. पण मी ठेका सोडला नाही. दोन-चार फेऱ्यांनंतर मामांचा एक पाय त्या मोकळ्या जागेत हवेतच थांबला आणि पुढच्या ठोक्यावर धाडकन खाली आला. त्यांच्यामागे माम्या, मग शेजारच्या काकू, मग अख्खा मांडव.

"मले जमून राह्यलं," मामा ओरडत होते. "कोणी बंद करू नका रे."

राजूभाऊंनी कांड्या परत घेतल्या आणि जागा सोडून, हसत हसत वाजवलं. तेच गाणं पुन्हा पुन्हा... पाहुण्यांनीच मागितलं.

लग्नात खूप काही मिळालं. पण माझ्या आवडीचा ठेका माझ्या माणसांनी पायात धरला, याहून मोठा आहेर मला कोणी देऊ शकणार नाही.