धुक्यातला कोमट बंगला

ती घटना आठवली की आजही मला खंडाळ्याच्या धुक्यात वाळत घातलेलं धुणं दिसतं.

तेव्हा मी लोणावळ्याला पोलीस निरीक्षक होतो. भाजे गावची एक तरुणी फसवणुकीची तक्रार घेऊन ठाण्यात आली. गावाजवळचं लेणं ती संगणकावर उभारत होती. खांब, कमानी, आतला स्तूप, सगळं. तिचे आबा, म्हणजे आजोबा, आयुष्यभर त्या लेण्यात वंदनेला जात आले होते. आता गुडघे पायऱ्या चढू देत नव्हते आणि काचबिंदूने नजरही चालली होती. थोडं दिसतंय तोवर त्यांना ते लेणं दाखवायचं, एवढीच तिची इच्छा. पण अशी चित्रं ज्यावर चालतात ते ग्राफिक्स कार्ड जळालं. नव्याचे पूर्ण पैसे तिने दुकानदाराला दिले होते. तो मात्र दर खेपेला माल वरूनच येत नाही म्हणायचा. आम्ही चौकशी केली तर इतर दुकानांतही तेच उत्तर मिळालं.

त्याच सुमारास खंडाळ्याच्या हवालदाराने एक बातमी आणली. बंगल्यांची साफसफाई करणाऱ्या एका मावशींना एका बंद बंगल्याचा संशय आला होता. मी स्वतः गेलो. पावसाळ्याच्या त्या दिवसांत तिथे रुमालसुद्धा वाळत नाही. धुक्यात समोरचं झाड दिसत नव्हतं, आणि त्या बंगल्यामागे दोरीवर लुगडी कोरडी होऊन संथ हलत होती. भिंतीला हात लावला तर ती कोमट.

"हितं कुणी ऱ्हात न्हाई, साहेब," मावशी म्हणाल्या. "पण आत कायतरी घुमतंय. गरम वारा येतो, म्हणून आमी धुणं हितं टाकतो."

वीज कंपनीचे अभियंते आणि दोन पंच घेऊन रीतसर झडती घेतली. मीटरला वळसा घालून थेट तारेवरून वीज ओढलेली होती. आत सामान नव्हतं. भिंतीभर फळ्या आणि त्यांवर ओळीने ग्राफिक्स कार्डं, प्रत्येकाचा छोटा दिवा, छोटा पंखा. उघड्या दारातून धुकं आत यायचं आणि दिवाणखान्याच्या मध्यावर विरून जायचं. देखरेखीला ठेवलेल्या इसमाने सांगितलं, ही कार्डं अखंड आकडेमोड करून संगणकावरचं चलन कमावतात. कोपऱ्यातल्या रिकाम्या खोक्यांवर त्या तरुणीने पैसे दिलेल्या दुकानाचाच शिक्का होता.

ओरडा खायच्या तयारीने आलेला माणूस शांततेला घाबरतो, हा माझा अनुभव. दुकानदारासमोर मी चहा आणि त्यातलं एक रिकामं खोकं ठेवलं. बऱ्याच वेळाने तो बोलू लागला. मोठमोठ्या कंपन्या आणि असले चलनवाले वरच्या वर माल उचलतात, खाली मोजकी कार्डं झिरपतात, आणि तीही हा बंगलेवाला भाव न विचारता न्यायचा.

"ती पोरगी थांबेल असं वाटलं, साहेब."

"तिच्या आबांची नजर थांबेल का?"

त्याने तिच्यासाठी आलेलं कार्डही बंगलेवाल्यालाच विकल्याचा जबाब दिला.

वीजचोरी आणि फसवणूक असे गुन्हे दाखल झाले. घाऊक कार्डं विकत घेणं हा गुन्हा नव्हता, हे मला त्या मुलीला समजावून सांगावं लागलं. मुद्देमालाच्या खोलीच्या दारात ती उभी राहिली. समोर कार्डांची रास, आणि न्यायालयाच्या हुकमाशिवाय मी तिला एकही देऊ शकत नव्हतो. तिने अर्ज केला, आम्ही हरकत घेतली नाही. दुकानदाराच्या जबाबावरून एक कार्ड तिच्या ताब्यात मिळालं. तोवर आबांचा एक डोळा पूर्ण गेला होता.

तिने मला घरी बोलावलं. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर कमान उजळली, मागून खांब आले. आबा पुढे झुकले, हात जोडले. स्तूपापाशी पोचलो तेव्हा ते हळूच नातीला म्हणाले, "जरा सावकाश ने गं. हितं लय वल असती, पाय घसरतो."

चोरीस गेलेली वस्तू परत मिळवून दिली की आमचं काम संपतं, असं मी मानत आलो होतो. वाट पाहण्यात गेलेला डोळा पंचनाम्यात कुठे लिहायचा, हे मला सुचलं नाही. निवृत्त होईपर्यंत, कुणी किरकोळ तक्रार घेऊन आलं की मी आधी विचारायचो, उशीर झाला तर तुमचं काय जाईल?