उन्हात घातलेला अल्बम

दि. १४ मे २०२४, मंगळवार. दूध अर्धा लिटर कमी आले. दहाला वीज गेली, सव्वाअकराला आली. बाराच्या सुमारास भिसेगावचा कोंडाजी रडवेला होऊन आला.

पहिल्या दोन गोष्टी माझ्या डायरीत आठवड्यातून दोनदा येतात. तिसरी पंचवीस वर्षांत प्रथमच.

कोंडाजी मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. काम चोख, पण सांगितलेल्या दिवशी वस्तू देईल तर शपथ. तरुणपणी तो खोपोलीकडे प्लास्टिक दळण्याच्या एका कारखान्यात होता. १९९७ साली तिथे न खपलेल्या कॅसेटींची पोती दळायला आली. सगळ्या परदेशी रॉक बँडच्या, ज्यांना त्यांच्या आळीतही कोणी विचारले नसावे. कोंडाजीने जेवणाच्या डब्यातून रोज दोन-तीन अशा अठ्ठ्याऐंशी कॅसेटी बाहेर काढल्या. काही कव्हरांना अजून सुक्या बोंबलाचा वास येतो. पोरांनी मेहनत घेतली आहे तर ती आपण का दळायची, एवढेच त्याचे कारण.

त्याला इंग्रजी येत नाही. मी कॉन्व्हेंटची, म्हणून शब्द लिहून घ्यायला तो माझ्याकडे येतो. मी कान देऊन ऐकते. गाणारे बहुतेक आपल्या आईबद्दल किंवा हवेबद्दल तक्रार करतात, तीही नाकातून. आमच्या गायनाच्या सिस्टरनी असल्या सुरासाठी बोटांवर पट्टी मारली असती.

त्यांतला ‘पेपर केटल’ नावाच्या बँडचा तिसरा अल्बम हा कोंडाजीचा जीव. फोनवर आज सगळ्या जगाची गाणी मिळतात, हा मिळत नाही. त्याच्या भाच्याने महिनाभर शोधले. सापडला फक्त परदेशातल्या कोणाचा तरी प्रश्न: हा अल्बम कोणाकडे आहे का? खाली उत्तर नाही.

आणि सोमवारी त्याच्या बायकोने, सुंदराने, तो गच्चीवर वाळत घातला.

त्यात तिची चूक म्हणवत नाही. पावसाआधी घरातले सगळे उन्हात घालायचे असते. गाद्या, डाळी, मिरच्या. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली, म्हणून तिने तीही पापडांशेजारी मांडली. चारपर्यंत कॅसेटचे प्लास्टिकचे खोके होडीसारखे वाकले होते.

सुंदरा त्याच्या मागोमागच आली. "चण्याला ऊन चालतं, याला नाय चालत, हे मला कोण सांगणार?" ती मला म्हणाली. त्याच्याशी ती कालपासून बोलत नव्हती.

कोंडाजीने वाकडे खोके फोडून पाहिले होते. आतली फीत शाबूत होती, पण ती घालायला स्क्रूने उघडणारी कॅसेट हवी. त्याच्या उरलेल्या सगळ्या चिकटवलेल्या. बाजारात आता कॅसेट मागितली तर पोरे हसतात.

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात पाच स्क्रूंची एक होती, बाकी काही नाही. यजमान वीजकेंद्रातून निवृत्त झाले त्या दिवशीचे त्यांचे भाषण, पंचेचाळीस मिनिटे. पुढे ते असेपर्यंत चहाला आलेल्या प्रत्येकाने ते ऐकले. काही लोक चहाला यायचे थांबले.

कोंडाजीने वरचे नाव वाचले आणि कॅसेट टेबलावर परत ठेवली.

"साहेबांचा आवाज हाय यात, काकू. नको."

"तो आवाज मी एकेचाळीस वर्षं ऐकलाय, कोंडाजी. स्क्रू काढ."

त्याने काढले. पाचही स्क्रू मी बशीत धरले. साहेबांची फीत टाकून द्यायला तो काही केल्या तयार होईना. शेवटी ती त्या वाकड्या खोक्यात बसवून त्याने वर रबरबँड लावला.

"साहेब बसले होडीत," सुंदरा म्हणाली. दोन दिवसांत कोंडाजी प्रथमच हसला.

मग अल्बमची फीत साहेबांच्या कॅसेटमध्ये घालून, स्क्रू आवळून त्याने टेप सुरू केला. आधी खरखर, नंतर गिटार. तिसऱ्या गाण्यात गायकाचा आवाज क्षणभर म्हशीसारखा जाड झाला, पुन्हा किडकिडीत झाला आणि शेवटपर्यंत गेला. कोंडाजी उभाच होता. दुसरी बाजूही तो उभ्यानेच ऐकत राहिला. सुंदराने त्याच्या मागे खुर्ची सरकवली.

"त्या विचारणाऱ्या परदेशी माणसाला कळवायचंय," तो म्हणाला. "हाय म्हणावं. इंग्रजीत लिहून देता का?"

मी दोन ओळी लिहून दिल्या. स्पेलिंग दोनदा तपासले.

संध्याकाळची नोंद: कपाटाचा वरचा खण रिकामा झाला. त्यात लोकरीचे कपडे ठेवले, डांबरगोळ्या चार.