रखमीची हिरवी भुई

डहाणूहून तलासरीकडे जाताना आमचा चिकूचा कारखाना लागतो. चिकूच्या चकत्या सुकवायच्या, काहींची पावडर करायची आणि पिशव्या भरून पाठवायच्या, हा आमचा धंदा. मी तिथे माल तपासायला बसते. पण कारखाना बघायला आलेला पाहुणा मालाकडे बघतच नाही, खाली बघतो. सुकवणीच्या हॉलमधली हिरवी इपॉक्सीची जमीन अशी लखलखते की भले भले दारातच बूट पुसत उभे राहतात. ही सगळी करामत रखमीची.

रखमी कैनाडच्या एका पाड्यावरची. घरची जमीन शेणाने सारवलेली, आणि तीही अशी की बघत राहावं. इपॉक्सीशी मात्र तिची पहिली गाठ इथेच पडली. सिमेंटवर ओतून घट्ट केलेला हा गुळगुळीत थर. त्याला सांधा नाही, फट नाही, त्यामुळे घाण लपायला जागा नाही. पण एकदा ओरखडा पडला की तो कायमचा. पहिल्याच आठवड्यात चिकूचा चीक सांडून वाळला, तर बाईने घरून राख आणि काथ्या आणला आणि भांडं घासावं तशी ती जागा घासून काढली. चीक गेला, त्याच्याबरोबर चमकही गेली. येताजाता त्या फिक्या जागेकडे बघून ती तोंड वाकडं करायची. जणू दुसऱ्याच कोणी केलं होतं.

त्यानंतर मात्र शिकली. आधी कोरड्या मऊ मॉपने रेतीची कचकच काढायची, कारण तीच पायाखाली घासून ओरखडे पाडते. मग कोमट पाण्यात थोडासा साधा साबण. अ‍ॅसिडला हात लावायचा नाही. वायपरने पाणी ओढायचं, चीक ओला असतानाच टिपायचा. क्रेट उचलायचा, ओढायचा नाही. हाताखाली रूपी आली तेव्हा तिलाही तिने असंच तयार केलं. रूपी बिचारी घाबरूनच शिकली, कारण रखमीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की साहेबसुद्धा पॅसेज बदलायचे.

त्या पट्ट्याचा सगळ्यात जास्त मार खाल्ला तिच्या नवऱ्याने. चिमण त्याच हॉलमध्ये क्रेट वाहायचा. गमबूट घालून तो नेमका ओल्या जमिनीवरूनच जायचा.

"याला कोरडी जागा दिसतच नाय का?" रखमी ओरडायची.

"तू पुसलेलीच बरी वाटते मना," चिमण म्हणायचा आणि आणखी दोन पावलं टाकायचा.

ती पुसायची, तो उमटवायचा. सकाळी सकाळी नवराबायकोची भांडणं ऐकायला मला पगार मिळत नाही, असं मी एकदा सुनावलंही. दोघं हसले आणि पुन्हा सुरू झाले.

यंदा थंडी सरता सरता एका दुपारी चिमण ड्रायरच्या दारापाशी क्रेट खाली ठेवायला वाकला आणि तसाच आडवा झाला. आम्ही धावलो. गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. रखमी त्याच्या उशाशी बसून होती, हातात वायपर तसाच. मला त्या दिवशी फार रडू आलं. तिला नाही आलं.

त्यांच्यात माणूस गेला की त्याच्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात, वर टोपली झाकून ठेवतात. सकाळी टोपली उचलून पिठावर काय उमटलंय ते बघतात. पाखराची नखं दिसली तर पाखराचा जन्म, माणसाचं पाऊल दिसलं तर माणूस पुन्हा माणसातच आला. रखमीने घरी पीठ पसरलं, पण सकाळी ते जसंच्या तसं. म्हातारे म्हणाले, जीव जिथे गेला तिथेच बघायला पाहिजे.

म्हणून ती मुलाला, संदीपला, घेऊन कारखान्यात आली. कारखान्याचे दिपक साहेब माणूस वाईट नाही, पण कुठल्याही गोष्टीला आधी "बघू" म्हणायचं ही त्यांची सवय. खाण्याच्या मालाचा हॉल, तिथे बाहेरचं पीठ कसं चालेल, म्हणाले.

"रविवारी हॉल बंदच असतो," मी म्हटलं. "आणि सोमवारी माल घ्यायच्या आधी आपण जमीन धुतोच. मग अडतं कुठे?"

माझा आवाज चढला असावा. साहेबांनी परवानगी दिली, पण गवगवा नको, कोणाला सांगू नका, या अटीवर. दिव्याला आणि बांबूच्या टोपलीला मात्र ठाम नकार.

रविवारी दुपारी रखमीने ड्रायरच्या दारापाशी जमीन पुसली. घरून आणलेलं तांदळाचं पीठ फडक्यातून गाळून पसरलं, तळहाताने सारखं केलं. टोपलीऐवजी आमचाच एक प्लास्टिकचा क्रेट उलटा घातला. मग उठली आणि माझा हात धरला.

"जन्मभर त्याची पावलं पुसली, निलमताई. आता एक दिसू दे मना. माणसाचं. बाकी काय नको."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी घरी जाताना मी वाटभर मनात तेच म्हणत होते, की दिसू दे बाबा.

सोमवारी आम्ही दोघी लवकरच पोचलो. हॉलचं दार उघडं होतं. आतली जमीन आरशासारखी. ड्रायरच्या दारापाशी काहीच नव्हतं. क्रेट बाकीच्या क्रेटच्या थप्पीवर जाऊन बसला होता आणि रूपी मॉप घेऊन हसत उभी होती.

"रखमीबाय, तू आज कामावर येणार म्हणून मी पहाटेच्या जीपने आली," ती म्हणाली. "बघ, कुठे बोट ठेवायला जागा नाय ठेवली. कोणीतरी पावडर सांडून वर क्रेट उलटा घालून पळालेला. तूच शिकवलंस ना, उलटा क्रेट दिसला की खाली बघायचं, लोक सांडलेलं झाकतात. मी लगेच व्हॅक्यूम मारला."

आमची तोंडं बघून रूपीचं हसू उतरलं. पावडर कसली होती, ते मलाच सांगावं लागलं. तिच्या हातातला मॉप खाली पडला. मला साहेबांचा राग आला. गवगवा नको म्हणे. या पोरीच्या कानावर एक शब्द घातला असता तर काय बिघडलं असतं?

रखमी ड्रायरच्या दारापाशी जाऊन खाली बसली. पुसलेल्या जमिनीवरून हात फिरवला. कुठे चिमूटभरही पीठ राहिलं नव्हतं. रूपी तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "होतं, बाय. क्रेट उचलला तेव्हा दिसलेलं मना. पाऊल होतं. माणसाचंच."

मी रूपीकडे बघितलं. तिने नजर वर केली नाही.

"खोटं बोलतेस," रखमी शांतपणे म्हणाली.

"हो," रूपी म्हणाली आणि रडू लागली.

रखमीने पदराने तिचं तोंड पुसलं. तेव्हा मी तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा पाणी बघितलं.

"रडू नको," ती म्हणाली. "परत सांग. काय दिसलं?"