पुलाखालची वाळू

भूकंपानंतर जिल्ह्यातले जुने पूल तपासायचा हुकूम निघाला. मी तेव्हा कनिष्ठ अभियंता होते. बिलोलीकडचा एक पूल माझ्या वाट्याला आला. फॉर्मवर तडे, कठडे, गर्डर यांचे रकाने होते. मी मान वर करून खांब बघत होते, तेवढ्यात पाण्यात जाळं टाकणारे एक भोई मामा म्हणाले, "बाई, वर काय बघून राहिलात? खाली बघा की."

त्यांनी खांबालगत बांबू पाण्यात सोडला. वाळू लागायला हवी होती तिथं बांबू खालीच जात राहिला. पाया निम्म्याहून जास्त उघडा पडला होता.

"बैलाचा खुंटा उघडा पडला, तर एका हिसक्यात येतो का न्हाई?" मामा म्हणाले.

मी अहवालात हेच लिहिलं: तळ खरवडला गेलाय, खांबाला धरून ठेवणारी वाळू उरली नाही, पुन्हा हादरा बसला तर खांब फार झुलतील.

उपअभियंता साहेबांनी कागद परत सरकवला. "मॅडम, हा भूकंपाचा अहवाल हाय. नदीचा तळ पुराच्या फायलीत." पुराच्या टेबलावरचे बाबू म्हणाले, "यंदा पूर कुठं आला? हे तुमचं भूकंपाचं." दोन वर्षं मी त्या दोन टेबलांमध्ये हेलपाटे घातले. पदरात पडली ती जड वाहनांना बंदीची एक पाटी. तिच्यासमोरून वाळूचे ट्रक बिनदिक्कत जायचे.

त्याच सुमारास नांदेडला क्लासेसचं पेव फुटलं. क्लासच्या पोरींना भाड्यानं द्यायला आम्हीही घरावर मजला चढवायला घेतला. वाळूचा पहिला ट्रक आला, तेव्हा मी ड्रायव्हरला विचारलं, कुठली?

"पुलाखालची हाय, बाई. लई स्वच्छ, धुतल्यावानी." पूल कोणता, तेही त्यानं सांगितलं. माझाच.

मी ट्रक परत पाठवला. नवरा भडकला. "सगळं गाव ह्याच वाळूवर उभं होऊन राहिलंय. तू एकटी काय अडवणार?"

गवंडी तीन दिवस बसून होते. चौथ्या दिवशी दुसरा ट्रक आला. ही वाळू कुठली, ते मी विचारलं नाही. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो, साहेबांपेक्षाही जास्त.

गेलेल्या वाळूच्या जागी पुलाच्या खांबांभोवती दगड टाकायला मंजुरी आली ती माझी बदली झाल्यावर. तिकडचं कुणी भेटलं की मी विचारते, टाकले का? लोक म्हणतात, "टाकले असतील की. पाण्याखालचं कोण बघतंय?"