साडूच्या भिंतीवरचा मासा

सूड ही माणसाने सावकाश, निष्ठेने आणि पूर्ण शुद्धीत करण्याची गोष्ट आहे. तिच्यापायी राज्यं बुडाली, घराणी संपली. माझा सूड एका लोकरीच्या टोपीवर अवलंबून होता, आणि ती टोपी सहा वर्षं सिंगापुरात बेडोकच्या आमच्या फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये आकाशकंदिलाच्या खोक्याखाली पडून होती. बॉम्ब शेल्टर म्हणजे जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली. युद्ध झालंच तर जीव वाचवायचा; तोवर इस्त्रीचं टेबल ठेवायचं.

सूड उगवायचा होता साडूवर. बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. ईस्ट कोस्टला कॉन्डो. बाल्कनीतून समुद्र दिसतो, आणि तो दिसतो हे पाहुण्यांना चपला काढता काढताच सांगितलं जातं. हॉलमध्ये सोफ्याच्या वर एक मोठा फोटो आहे. राखाडी सरोवर, काठाला बर्फाची पातळ साय, आणि गुडघाभर पाण्यात वाकून उभा असलेला, नारिंगी कोटातला एक माणूस. दोन्ही हातांत भलामोठा मासा. तोंडावर माकडटोपी. नाक तेवढं दिसतं, तेही लाल.

तो माणूस मी आहे.

बायकोच्या आतेबहिणीच्या लग्नाला आम्ही दोन्ही कुटुंबं कॅनडाला गेलो होतो. ऑक्टोबर संपत आला होता. थंडी म्हणून सासूबाईंनी दोघा जावयांना माकडटोप्या विणून दिल्या होत्या. एकाच लोकरीच्या, एकाच मापाच्या, वर लाल गोंडा. जावयांत डावं-उजवं करायचं नाही हा त्यांचा नियम आहे, आणि पुढचं सगळं रामायण त्या नियमामुळे घडलं. लग्नघरात दोन जावई कुणाच्या ना कुणाच्या पायात येत होते, म्हणून आम्हाला एका म्हाताऱ्या वाटाड्याच्या ताब्यात देऊन मासे पकडायला पाठवण्यात आलं. त्याने दोघांनाही एकसारखे नारिंगी कोट दिले.

लेक ट्राऊट उन्हाळाभर खोल पाण्यात राहतो. सरोवर गोठायच्या आधी थोडेच दिवस काठच्या खडकांपाशी येतो. तेव्हा त्याला फ्लाय फिशिंगने पकडता येतं, म्हणजे गळाला आमिष न लावता पिसं आणि दोरे बांधून खोटी माशी करायची आणि दोरीला झोका देऊन ती लांब फेकायची. मुलीला हे पुढे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माशी म्हणजे मिसेस मासा?" घोडा-घोडी तिने नुकतंच शिकलं होतं.

साडू एकदा पाण्यात उतरला. बुटाखाली काठचा बर्फ कुरकुरला तसा तो माघारी वळला आणि हीटर लावून गाडीत बसला. मी तीन तास उभा होतो. काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरायचा, मग ती पाण्यात बुडवायची, मग पुन्हा फेकायची. चष्म्यावर वाफ धरायला लागली म्हणून तो खिशात टाकला. दोन माश्या खडकात अडकून गेल्या. तिसरीची लाल शेपटी एका माशाने कुरतडून नेली. वाटाड्या दिवसभरात जेमतेम सहा शब्द बोलला असेल, त्यांतला एक "रेड" होता. त्याने माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. मी टोपी काढली, खिशातल्या कात्रीने गोंडा कापला, आणि त्याने त्याची लोकर गळावर बांधली.

चौथ्या फेकीला मासा लागला. त्या ओढीचं वर्णन मी करणार नाही. साडू ते माझ्यापेक्षा चांगलं करतो.

मासा हातात आला तेव्हा माझा फोन थंडीने बंद पडला होता. साडू अर्धा मिनिट गाडीबाहेर आला, म्हणाला, "हसा साडूबुवा!", फोटो काढला आणि परत गाडीत गेला. माकडटोपीत मी हसलोही. वाटाड्याने मासा पाण्यात सोडून दिला. माझ्याकडे राहिली बोडकी टोपी. ती सासूबाईंना आणि बायकोलाही दिसू नये म्हणून मी बॅगेच्या तळाशी कोंबली.

चोरी एका दिवसात झाली नाही, हे साडूच्या बाजूने सांगायला हवं. फोटो भिंतीवर लागला तेव्हा तो "आमच्या ट्रिपचा" होता. मग एका पाहुण्याने विचारलं, "हे तुम्ही?" आणि साडू नुसता हसला. पुढच्या गणपतीत त्याने "थंडी काय होती म्हणून सांगू" इथून सुरुवात केली. वर्षभरात मासा दीड वीत वाढला, वाटाड्या तत्त्वज्ञ झाला, आणि मी गाडीत बसून चहा पीत होतो.

मी एकदा सरळ सांगून पाहिलं. "अहो, तो मी आहे."

"साडूबुवा," तो सगळ्यांकडे बघत म्हणाला, "तुम्हाला एमआरटी ट्रेनच्या एसीत सर्दी होते."

सगळे हसले. घरी येताना बायको म्हणाली, "एका माशावरून ताईशी वाईटपणा घेणार आहात का? आणि तोंड तर दिसतच नाही. कशावरून तुम्ही?"

कशावरून, ते बॉम्ब शेल्टरमध्ये होतं. फोटोतल्या टोपीला गोंडा नव्हता. साडूच्या टोपीचा गोंडा शाबूत होता, कारण साडूने आयुष्यात काहीच कापलेलं नाही. पण पुरावा बाहेर काढायचा म्हणजे सासूबाईंचा गोंडा मी कापला हे कबूल करायचं. टोपी खोक्याखालीच राहू दिली.

हे असंच चाललं असतं. पण मुलगी बारा वर्षांची झाली आणि तिने शाळेत घरातल्या एका माणसावर भाषण केलं. तिने काकांवर केलं: गोठत्या सरोवरात उभे राहणारे काका. घरी तिने ते मला इंग्रजीत म्हणून दाखवलं. त्यात मीही होतो, एका वाक्यात. थर्मास धरायला.

"चांगलं झालंय," मी म्हणालो.

"यू ओके, बाबा?"

"हो."

त्या दिवसापासून मी त्या माणसाचं मनापासून वाईट चिंतू लागलो. त्याच्या बाल्कनीसमोर उंच इमारत उभी राहावी, असंही मी देवाजवळ मागितलं.

आधी मी रीतसर मार्ग धरला. फ्लाय फिशिंगची काठी घेतली आणि रविवारी सकाळी बेडोक रिझर्व्हॉयरवर, जिथे मासेमारीला परवानगी आहे त्या काठावर, सराव सुरू केला. साडूला सगळ्यांदेखत इथे आणायचं आणि काठी त्याच्या हातात द्यायची, एवढाच बेत. घाम डोळ्यांत जायचा, दोरी मानेभोवती गुंडाळायची. शेजारी रोज बसणारा एक चिनी अंकल एकदा म्हणाला, "यू वॉन्ट कॅच व्हॉट फिश?"

"ब्रदर-इन-लॉ," मी म्हणालो.

त्याने बराच विचार केला. "दॅट वन नीड बिग हुक, लाह."

साडू आला नाही. खांदा दुखतो म्हणाला. "त्या माशानेच दुखावला. अजून कळ येते."

मग सासूबाई महिनाभरासाठी सिंगापूरला आल्या, आणि मोठा गळ मिळाला.

साडूने त्यांच्यासाठी रविवारी दुपारचं जेवण ठेवलं. महाराष्ट्र मंडळातली दहा-बारा माणसं होती. जेवणं झाली, आणि कुणीतरी फोटोकडे बघून विचारलंच. साडूने घसा साफ केला. "थंडी काय होती म्हणून सांगू." मी मध्ये एक शब्द बोललो नाही. माझ्या पायाशी कापडी पिशवी होती आणि पिशवीत टोपी. गोंडा कापल्याबद्दल जी बोलणी बसतील ती खायची, असं मी घरून ठरवून आलो होतो. मुलगी जमिनीवर बसून काकांकडे टक लावून बघत होती. तिचं ते बघणं मला परत हवं होतं. बाकी साडूने कॉन्डो ठेवावा, समुद्र ठेवावा.

गोष्ट संपली. टाळ्या झाल्या. मी अगदी गोड आवाजात म्हणालो, "ती टोपीही दाखवा की सगळ्यांना. आईंनी विणलेली. जपून ठेवली असेल तुम्ही."

"म्हणजे काय!" साडू उठला, आतून टोपी घेऊन आला आणि बरोबर फोटोखाली उभं राहून ती डोक्यावर चढवली. लाल गोंडा डुलला.

मी थांबलो. मुलीने फोटोकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"काका, फोटोत पॉम्पॉम नाहीये."

"वाऱ्याने मागे गेला असेल गं."

"वाकलाय ना तुम्ही. वरचं सगळं दिसतंय."

मी पिशवीतून बोडकी टोपी काढून टीपॉयवर ठेवली. ठेवताना जरा हळू ठेवली. सहा वर्षं वाट पाहिली होती, आणखी दोन सेकंदांची मला घाई नव्हती.

साडूचा चेहरा उतरला. तो मी डोळे भरून पाहिला. तेवढ्यात सासूबाईंनी टोपी उचलली.

"गोंडा कुणी कापला?"

त्यांनी टोपी उलटसुलट करून पाहिली.

"चातुर्मासात विणलीय ही. पोथी ऐकत ऐकत. गोंडा कुठंय?"

"आई, तो माशासाठी... गळाला बांधायला..."

"माशाच्या तोंडात?" सासूबाई कांदा-लसूणही खात नाहीत. "माझा गोंडा माशाच्या तोंडात घातला? दोघं मिळून?"

"मी नाही हं आई!" साडू चटकन म्हणाला. "मी तर गाडीत बसलो होतो. हे एकटेच पाण्यात होते!"

हेच वाक्य. याच्यासाठी मी सहा वर्षं जगलो होतो. दहा-बारा साक्षीदारांसमोर, त्याच्याच हॉलमध्ये, त्याच्याच तोंडून. मी सभोवार पाहिलं. कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. सगळे टोपीकडे बघत होते. मेव्हणी म्हणत होती, "इतक्या हौसेने विणलेली हो." माझी बायको माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तिचं वर्णनही मी साडूवर सोडतो.

लक्षात आलं ते एकटीच्याच. मुलगी येऊन माझ्या खुर्चीच्या हातावर बसली. "सो इट वॉज यू?" ती हळूच म्हणाली.

"हो."

"पाणी किती थंड होतं?"

मी सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, कड्यांमधला बर्फसुद्धा. मग तिने फोन काढला, कारण तिची पिढी कौतुकही तपासून करते. थोडं वाचलं आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, लेक ट्राऊट इज नॉट अ ट्राऊट, लाह. नाव चुकीचं आहे. इट्स अ चार."

सासूबाईंनी टोपी मांडीवर ठेवली.

"चार?" त्या म्हणाल्या. "चार धरले होते?"

"नाही आई, चार म्हणजे त्या माशाची जात..." मी सुरुवात केली.

"चार, आई," साडू म्हणाला. "चारच."

सासूबाई आता पुण्यात आहेत. शेजारणींना त्या सांगतात की जावयांनी कॅनडात चार मासे धरले, दोन थोरल्याने आणि दोन धाकट्याने. गोंडा धाकट्याने एकट्याने कापला.